हळबेबाई दरोडा घेऊन येतात

आमच्या सोसायटीत कुणी आजारी पडलं की बाकीची मंडळी मऊ भात, मुगाचं कढण किंवा शहाळं घेऊन जातात. हळबेबाई दरोडा घेऊन जातात.

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी हे स्वतः अनुभवलं. शुद्धीवर येऊन फार वेळ झाला नव्हता. बाई आल्या, कॉटशेजारच्या स्टुलावर बसल्या, कापडी पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक काढलं आणि माझ्या उशाशी ठेवलं.

"बँक आहे," त्या म्हणाल्या. "जोडून सुट्ट्या होत्या, त्या साधून फोडलीय. सगळं खरं आहे, बरं का, गोष्टबिष्ट नाही. पोस्टाचं एक फार छान आहे, पण त्यात हसू येतं. तुम्हाला टाके आहेत, म्हणून गंभीर आणलं."

सलाईन बघायला आलेली नर्स पुस्तकात डोकावली आणि म्हणाली, "आजी, पेशंटला काहीतरी धार्मिक द्या ना वाचायला."

"धार्मिकच आहे," बाई म्हणाल्या. "शेवटी सगळे पकडले जातात."

हळबेबाई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. बिबवेवाडीतली आमची सोसायटी तशी साधी, तीन मजल्यांची, लिफ्टचा प्रस्ताव दरवर्षी मांडून दरवर्षी पुढे ढकलणारी. बाई एका शाळेत भूगोल शिकवायच्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. समोरच्या खोलीत तीन भिंतींना शेल्फं आहेत आणि त्यांत खरे दरोडे, खऱ्या चोऱ्या आणि ते शोधून काढणारे खरे पोलीस खच्चून भरलेले आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं. अप्पा बळवंत चौकातले जुन्या पुस्तकांचे विक्रेते त्यांना लांबून येताना बघूनच हाक मारतात, "बाई, एक रेल्वे आलीय."

पुस्तकं लेखकाच्या नावाने लावलेली नाहीत. फोडलं काय, त्याप्रमाणे लावली आहेत. एका शेल्फावर बँका, एका शेल्फावर रेल्वे, मग सराफांच्या पेढ्या, मग देवळं आणि संग्रहालयं. देवळं आणि संग्रहालयं एकत्र का, असं मी विचारलं होतं. "दोन्हीकडे मूर्तीच जातात," बाई म्हणाल्या.

आणि कुणाला काय द्यायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. माझ्या सासूबाईंचे गुडघे बदलले तेव्हा त्यांना भुयार मिळालं. "यात ती माणसं कित्येक महिने रांगतात. तुम्हाला तुमचे गुडघे काहीच वाटणार नाहीत." माझ्या भाचीचं लग्न ठरलं, केळवणाला बाईंना बोलावलं होतं, त्यांनी आहेरात सराफाच्या पेढीवरचा दरोडा दिला. होणाऱ्या जावईबापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण भाचीने ते पुस्तक मधुचंद्राला नेलं आणि दोघांनी मिळून वाचलं.

खून मात्र त्या घरात येऊ देत नाहीत.

"खुनात काय आहे," त्या म्हणतात. "राग आला की कुणीही करेल. मला स्वतःला कमिटीच्या मीटिंगमध्ये दोन-तीनदा वाटतं. दरोड्याला माणसं जमवावी लागतात. आणि चार माणसं जमली की भांडण होतं. तिथेच ती सापडतात."

दरोडेखोरांचं कौतुक केलेलं त्यांना चालत नाही. त्यांचे देव म्हणजे तपास करणारे अधिकारी. ज्यांचं पोट बिघडलेलं असतं, ज्यांची मध्येच बदली होते, ज्यांना साहेब झापतात आणि जे तरीही तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा विचारत बसतात, असे. "तपास म्हणजे धावणं नव्हे, शिर्के. तपास म्हणजे बसणं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा ऑफिसात साहेबांनी प्रोजेक्ट कुठवर आला असं विचारल्यावर माझ्या तोंडून तेच निघालं.

पुस्तक परत करताना परीक्षा होते. प्रश्न एकच. "चूक कुठे झाली त्यांची?" उत्तर आलं नाही तर पुस्तक पुन्हा न्यायचं. माझी बायको मेधा पहिल्यांदा परत द्यायला गेली तेव्हा घाबरत म्हणाली, "मला वाटतं, त्यांनी मेहुण्याला सांगायला नको होतं."

बाईंनी तिला आत बोलावून लाडू दिला. "निम्म्या दरोड्यांत मेहुणा असतो," त्या समाधानाने म्हणाल्या.

सगळ्या सोसायटीत त्यांचं एकही पुस्तक न घेतलेला माणूस एकच. आमच्या वरच्या फ्लॅटमधले गुप्ते सर.

गुप्ते सरांनी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. पत्नी वारल्या, मुलगा कॅनडात. सर ताठ चालायचे, कमी बोलायचे आणि जिन्यात कुणी चप्पल काढून ठेवली तर त्या चपलेकडे बघून थांबायचे, बस. तेवढ्याने चप्पल हलायची. सोसायटीतले सगळे त्यांना सर म्हणायचे. एकदा त्यांना ताप आला म्हणून बाई पुस्तक घेऊन वर गेल्या होत्या. सरांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि म्हणाले, "आपण शिक्षिका होतात ना?"

"अजूनही आहे," बाई म्हणाल्या आणि पुस्तक घेऊन खाली आल्या. तेव्हापासून दोघं जिन्यात भेटले की एकमेकांना नमस्कार करायचे, पण असा, की पाहणाऱ्याला वाटावं भांडण चाललंय.

गेल्या वर्षी हिवाळ्यात, एका सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. दार उघडलं तर समोर हळबेबाई उभ्या.

"वर चला," त्या म्हणाल्या. "सरांच्या दाराला दुधाची पिशवी लटकतेय. कालचीही तिथेच आहे."

"गावाला गेले असतील."

"आत आहेत. मी बेल वाजवली. म्हणाले, बरं नाही, येऊ नका."

"मग बरं नसेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चुकीचं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं. "शिर्के, मी दाराशी जरा थांबले. आत ते कुणाला तरी 'येस सर, येस सर' म्हणत होते. गुप्ते आयुष्यात कधी कुणाला सर म्हणालेत?"

मी विचार केला. खरंच, त्या माणसाने कुणाला सर म्हटल्याचं मला आठवेना. आम्ही वर गेलो.

दार वाजवलं. आतून आवाज आला, "मी आजारी आहे. कृपया जा." आवाज सरांचा होता, पण त्यातला ताठपणा कुणीतरी काढून घेतल्यासारखा.

आता काय करायचं, ते मला सुचेना. बाईंनी घसा साफ केला आणि वर्गात बोलतात तशा बोलल्या. "सर, तुमच्या बाथरूममधून शिर्क्यांच्या छतात पाणी गळतंय. प्लंबर आलाय. तुम्ही उघडत नसाल तर मी कमिटीला कळवते, ते लेखी घेतील."

पुण्यात माणूस सगळ्याला तोंड देईल, पण दुसऱ्याच्या छतात आपलं पाणी गळतंय हा आरोप सहन करणार नाही. कडी निघाली.

सर दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, पण दाढीचे खुंट वाढलेले, डोळे लाल. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आत जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं. टेबलावर कुकरला टेकवून मोबाईल उभा केला होता. पडद्यावर खाकी गणवेशातला एक माणूस दिसत होता. मागे भिंत, भिंतीवर भारताचा मोठा नकाशा.

सरांनी अगदी हळू सांगितलं ते एवढंच. त्यांच्या नावाने परदेशात जाणारं एक पार्सल पकडलं गेलंय, त्यात बंदी असलेल्या गोष्टी आहेत, त्यांना घरातच अटक झालीय, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, कॅनडात मुलाला कळवलं तर त्यालाही तिथून उचलतील. आज बँक उघडली की ठेवी मोडून सगळी रक्कम तपासणीसाठी सरकारी खात्यात भरायची. निर्दोष ठरले की परत मिळेल. सर बँकेत जायलाच तयार होऊन बसले होते.

"कौन है वहाँ?" मोबाईल ओरडला. "दूसरा आदमी अलाउड नहीं है."

"आदमी नहीं, बाई है," हळबेबाई म्हणाल्या आणि सरांची खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

मी त्यांचा हात धरायला पुढे झालो. त्यांनी टेबलाखालून मला हाताने दाराकडे जायची खूण केली आणि मग अंगठा आणि करंगळी कानाशी नेऊन फोनची खूण केली. मला कळलं. मी जिन्यात आलो, दार किलकिलं ठेवलं आणि पोलिसांच्या सायबर गुन्ह्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. मी घाईघाईने सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो माणूस अजून लाइनवर आहे? खाते क्रमांक मिळाला तर बघा. ताबडतोब गोठवता येतं."

मी दारातून डोकावून हळबेबाईंना खुणेने सांगायचा प्रयत्न केला. पण हवेत बोटाने खाते क्रमांक कसा काढून दाखवायचा? त्याची गरजच नव्हती. बाई आधीच तिथे पोचल्या होत्या.

हळबेबाईंचं हिंदी ही स्वतंत्र शिक्षा आहे. पण त्या दिवशी त्या जे काही बोलल्या, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. आवाज बारीक, मान खाली, पदर डोळ्याला.

"मैं उनका बहन है, साहेब. मेरा भाई सीधा माणूस है. उनका बँक में बहोत टाइम लगता, फॉर्म भरो, सही करो, जेवणाची सुट्टी होती. मेरा ठेव है. मैं मोबाईल से अभी मोडती. आप खाता बोलो."

"ठेव मतलब?"

"एफडी, साहेब."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी खातं सांगितलं. बाई प्रत्येक आकडा खणखणीत आवाजात पुन्हा म्हणायच्या, शाळेत श्रुतलेखन घालतात तसा, आणि मी जिन्यात उभा राहून तो फोनवर सांगायचो.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "नहीं जाता. लाल अक्षर में कुछ आया. दुसरा है क्या?"

दुसरं मिळालं. तेही 'गेलं नाही'. तिसरं मिळालं. गुप्ते सर भिंतीला टेकून उभे होते आणि बाईंच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना अजूनही काय चाललंय ते उमगलेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, ही बाई खरोखरच आपल्यासाठी स्वतःच्या ठेवी मोडतेय. ते पुढे झाले आणि तुटक आवाजात म्हणाले, "हळबेबाई, नको. तुम्ही का भरताय?"

बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "जरा थांबा. आपण नंतर बोलू."

चौथं खातं मागितल्यावर मात्र साहेबांना शंका आली. "जल्दी करो," तो ओरडला. "टाइम नहीं है. आपको भी अरेस्ट करना पड़ेगा."

बाईंनी पदर खाली घेतला. चष्मा नीट केला. आणि ताठ बसून मराठीत म्हणाल्या, "करा ना. पण इथे येऊन करा. आणि आता मी विचारते, तुम्ही सांगा. दोन दिवस एकटेच बसलाय, तुमच्या हाताखाली कुणी नाही? पंच कोण आहेत? जेवलात कधी? मी जेवढे अधिकारी वाचलेत ना, त्यांतल्या एकाच्याही शर्टाची इस्त्री दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलेली नव्हती."

"क्या बोल रही है?"

"आणि मला हे सांगा," बाई म्हणाल्या, "तुमच्यामागे हिमालय का हलतोय?"

त्याला मराठी येत नसेल, पण हिमालय कळला असणार. कारण त्याने मान वळवून मागे पाहिलं. मागची भिंत म्हणजे छापलेलं कापड होतं. कुठेतरी पंखा चालू होता आणि काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत सगळी पर्वतरांग हळूहळू फुगत होती आणि बसत होती. गुप्ते सरांनी ते पाहिलं. त्याने मागे वळून पाहिलं, तेही सरांनी पाहिलं. आणि मग पडदा काळा झाला.

सर पलीकडच्या खुर्चीवर बसले. त्यांनी तो बंद मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"मी संख्याशास्त्र शिकवलं," ते म्हणाले. "मला कळायला हवं होतं."

"काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "भीती घातली की कुणालाच कळत नाही. मी वाचलंय ना. चांगले शिकलेसवरलेले मॅनेजर स्वतःच्या हाताने तिजोरी उघडून देतात. मुलाचं नाव घेतलं की संपलं. दोन दिवस जेवला नाहीत ना तुम्ही? शिर्के, मेधाला सांगा, पिठलंभात टाक. कुकर इथून घेऊन जा, आता मोकळा आहे."

दुपारी पोलीस आले. एक उपनिरीक्षक, गायकवाड नावाच्या, तिशीच्या आतल्या, आणि त्यांच्याबरोबर एक हवालदार. सरांचा जबाब त्यांच्या घरीच झाला. मग गायकवाडबाई म्हणाल्या, "खाती ज्यांनी काढून घेतली त्या मावशींना भेटायचंय."

मी त्यांना हळबेबाईंकडे घेऊन गेलो. आणि तिथे मी जे पाहिलं, ते यापूर्वी कुणीच पाहिलेलं नव्हतं. हळबेबाई गप्प झाल्या. आयुष्यभर ज्यांच्याविषयी वाचलं, ज्यांच्या बदल्यांवर हळहळल्या, त्यांच्यातली एक खरीखुरी व्यक्ती त्यांच्या शेल्फांसमोर उभी होती आणि बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्या नुसत्या पदराचं टोक चाळवत राहिल्या.

शेवटी एवढंच म्हणाल्या, "जेवलात का?"

"नाही ना मावशी," गायकवाडबाई म्हणाल्या. त्या मूळच्या यवतमाळकडच्या. "सकाळपासून चहावरच आहे मी."

बाईंचा चेहरा उजळला. हे त्यांच्या माहितीतलं होतं. त्यांनी त्या दोघांना ताटं वाढली, समोर बसल्या, पोळी संपायच्या आत दुसरी वाढत राहिल्या. जबाब पोळीबरोबर झाला. जाताना गायकवाडबाईंनी शेल्फाकडे पाहून विचारलं, "हे सगळं वाचलंय तुम्ही?" आणि एक रेल्वे मागून नेली.

पोलिसांची गाडी आल्यामुळे खाली पार्किंगमध्ये निम्मी सोसायटी जमली होती. सर पोलिसांना पोचवायला खाली उतरले, तेव्हा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. सर जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थबकले. आमचे सेक्रेटरी पुढे झाले. "काय झालं सर? काही घोटाळा?"

सरांच्या मागून हळबेबाई उतरत होत्या. त्या एवढ्या मोठ्या आवाजात बोलल्या की समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकाही गॅलरीत आल्या.

"घोटाळा कसला? सरांनी दोन दिवस एका टोळीला फोनवर धरून ठेवलं, न खाता. म्हणून खाती मिळाली. विचारा यांना."

गायकवाडबाई क्षणभर बाईंकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. सरांमुळे काम झालं आमचं." सरांनी खाली पाहिलं.

आठवड्याभराने गायकवाडबाईंचा फोन आला. तिन्ही खाती वेळेत गोठवली गेली होती. त्यांतल्या एकात त्याच सकाळी नाशिकच्या एका म्हाताऱ्या जोडप्याने आपली सगळी शिल्लक भरली होती. ती वाचली. पुढे कोर्टाच्या आदेशाने त्यांना परत मिळाली. त्या आजोबांनी बाईंना फोन केला आणि काही न बोलता नुसते रडले. टोळीतले काही जण सापडले. त्यांतल्या एकाने स्वतःचं खातं वापरायला दिलं होतं. तो दुसऱ्याचा मेहुणा होता. हे कळल्यावर बाई संध्याकाळी मुद्दाम आमच्याकडे आल्या आणि मेधाला लाडवांचा डबा देऊन गेल्या.

मग आमची वार्षिक सभा झाली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माईक अधूनमधून किंचाळणारा. सेक्रेटरींनी लिफ्टचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला आणि म्हणाले, आता आपण श्रीमती हळबे यांचा सत्कार करू. शाल आणि नारळ तयार होता. बाई जागेवरून उठल्या नाहीत.

"सत्कार कशाचा?" त्या म्हणाल्या. "शिर्क्यांच्या छतात पाणी गळत होतं, म्हणून मी वर गेले. बाकी सरांनी केलं. शाल त्यांना द्या."

लोक हसले. सेक्रेटरी शाल घेऊन इकडे की तिकडे अशा विचारात उभे राहिले. तेवढ्यात गुप्ते सर उठले. माईककडे आले. माईक किंचाळला, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तो थांबला.

"गळती नव्हती," सर म्हणाले. "मी फसलो होतो. दोन दिवस मी माझ्याच घरात एका खोट्या माणसाला सर म्हणत होतो. दारं लावून घेतली होती. माझ्या मुलाला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. हळबेबाई वर आल्या नसत्या तर त्या दिवशी माझं सगळं गेलं असतं, आणि मी ते कुणाला कळूही दिलं नसतं. बाई हे कुणाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय. ज्यांना असा फोन आला असेल, त्यांनी दार उघडं ठेवा. शेजारी जा. एवढंच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मागच्या रांगेतून ए विंगच्या कुलकर्णीबाई उठल्या, म्हणाल्या, "मलाही आला होता. मी घाबरून पैसे भरले. घरी कुणाला अजून सांगितलेलं नाही." त्यांचे यजमान शेजारीच बसले होते. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं आणि तिचा हात हातात घेतला. मग आणखी एक गृहस्थ उठले. मग आमच्या खालच्या मजल्यावरचे, नेहमी सगळ्यांना अक्कल शिकवणारे काकाही. आणि त्यानंतर ज्या टाळ्या वाजल्या, त्या कुणासाठी होत्या हे कुणालाच सांगता आलं नसतं.

सर माईकपासून हळबेबाईंच्या खुर्चीपाशी आले. "आपल्याकडचं एखादं पुस्तक मिळेल का?" त्यांनी विचारलं. "सोपं असलं तर बरं."

"सोपं एकही नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला जमेल."

त्या महिन्यात शेल्फं रिकामी झाली. कुलकर्णीबाईंनी सगळे सराफ नेले. सरांनी बँकांपासून सुरुवात केली आणि प्रत्येक पुस्तकावर अशी काही नेमकी मतं दिली की बाईंनी त्यांना एका पुस्तकापुरती परीक्षा माफ केली. आता रविवारी संध्याकाळी बाईंच्या खोलीत सात-आठ खुर्च्या लागतात आणि दोन निवृत्त प्राध्यापक, एक बँकवाला आणि आमची मेधा एका भुयाराच्या दिशेवरून आवाज चढवून भांडतात. बाई मध्ये बसून सगळ्यांना चहा देतात. त्यांना मी इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

परवा रविवारी सकाळी मी बाईंना गाडीतून मार्केट यार्डला घेऊन गेलो होतो. लोणच्यासाठी लिंबं हवी होती त्यांना. येताना गुलटेकडीला ट्रकांची रांग लागली आणि आम्ही अडकलो. मी विचारलं, "बाई, त्या दिवशी पार्किंगमध्ये तुम्ही एवढ्या मोठ्यांदा का बोललात?"

त्यांनी खिडकीची काच वर केली.

"माझे वडील पतपेढीत रोखपाल होते," त्या म्हणाल्या. "मी लहान होते. पतपेढी फुटली. किल्ली वडिलांकडे असायची, म्हणून संशय त्यांच्यावर. पकडलं नाही त्यांना, पण रोज चौकशीला बोलवायचे. गल्लीतले लोक बोलायचे बंद झाले. आईला नळावर पाणी भरू द्यायचे नाहीत. तो तपास एका अधिकाऱ्याकडे होता. आमच्या ओसरीवर येऊन बसायचा नुसता. वडिलांना तेच तेच विचारायचा. मी त्याचा फार राग करायचे."

ट्रक थोडा पुढे सरकला. मीही गाडी पुढे घेतली.

"मग एक दिवस तो आला आणि आत आलाच नाही. गल्लीत मध्यभागी उभा राहिला. वडिलांना नावाने हाक मारली. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला, चोर सापडला, तुमचा काही संबंध नव्हता, तुम्हाला त्रास दिला त्याबद्दल माफ करा. हात जोडले त्याने वडिलांना. भर गल्लीत. लोक दारात आले होते. त्याला चिठ्ठी पाठवता आली असती. आत येऊन कानात सांगता आलं असतं."

"काय नाव त्यांचं?"

"माहीत नाही. मुलीला कोण सांगणार नाव. पुढे वडिलांनाही आठवेना. एवढंच लक्षात आहे, गालावर देवीचे व्रण होते आणि चहा बशीत ओतून प्यायचा. त्याने केवढे तपास केले असतील, शिर्के. कुणीतरी लिहिलं असेलच ना." त्यांनी मांडीवरची लिंबांची पिशवी सरळ केली. "म्हणून बघते. पुस्तकात कुणी अधिकारी चहा घ्यायला लागला की मी सावकाश वाचते."